साहेबाचा फराळ

लेस्टरमध्ये मी ११ वर्षं काढली, आणि त्यातली साडेदहा तरी इंग्रजांच्या जेवणाला नावं ठेवण्यात गेली. दर शनिवारी बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानांत आमसुलं, पोहे, कढीपत्ता शोधत हिंडायचं, घरी येऊन चहा टाकायचा आणि 'या लोकांना चवच नाही' असं म्हणत त्यात डायजेस्टिव्ह बिस्किट बुडवायचं, असा क्रम होता. त्या वाक्याचं आणि त्या बिस्किटाचं आपसात पटत नाही, हे कळायला मला जर्मनीला जावं लागलं.

२०२२ मध्ये नोकरीने आम्हाला श्टुटगार्टला आणून टाकलं. श्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. पण सख्ख्या बहिणींतही साम्य असतंच असं नाही. इथे दर रविवारी सगळी दुकानं कडकडीत बंद असतात. मुंबईत तसा बंद पाळायला राजकीय पक्ष लागतो.

तिसऱ्या महिन्यात, एका पावसाळी दुपारी, ऑफिसातल्या यंत्राची कॉफी पिताना मला अचानक उमाळा आला. आईच्या हातच्या वरणभाताचा आला असता तर समजू शकलो असतो. आला तो मार्माइट लावलेल्या टोस्टचा. तेवढ्यात एकाने विचारलं, "तू इंग्लंडहून आलास ना? खरा इंग्लिश टी कसा असतो रे?" मी भावनेच्या भरात चौघांना महिनाभरानंतरच्या रविवारी घरी बोलावून बसलो. लेस्टरमध्ये ११ वर्षं भारताचा बिनपगारी राजदूत असलेला मी एका वाक्यात ब्रिटनचा बिनपगारी राजदूत झालो.

"तुला चहाबरोबरचे स्कोन करता येतात?" बायकोने विचारलं.

"११ वर्षं खाल्लेत."

"बसमधूनही ११ वर्षं फिरलास. चालवता येते?"

अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं. मी पिशवी उचलून घराजवळचं सुपरमार्केट गाठलं. तिथे परदेशी पदार्थांचं एक कपाट होतं आणि प्रत्येक देशाला त्याच्या योग्यतेप्रमाणे जागा दिलेली होती. इटलीला तर कपाट पुरलं नव्हतं, अख्खी गल्ली दिली होती. ज्यांच्या राज्यावर सूर्य मावळत नसे, त्यांच्या वाट्याला आली होती दीड फूट फळी. तीवर बेक्ड बीन्सचे तीन डबे आणि पुदिन्याचा सॉस. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "मार्माइट?" तिचा चेहरा उजळला. "मार्मेलाडे!" म्हणत ती मला जॅमच्या भिंतीपुढे घेऊन गेली. मग मी माझ्या तुटपुंज्या जर्मनमध्ये वर्णन सुरू केलं: काळं असतं, चिकट असतं, खारट असतं, बिअर करताना तळाला उरलेल्या यीस्टचं करतात आणि चाकूने पसरवतात. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मला बुटांच्या पॉलिशपाशी नेऊन सोडलं.

तिला मी मनात बरंच बोललो. नंतर वाचनात आलं की उरलेल्या यीस्टचा खाण्याजोगा अर्क निघतो, हा शोध युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा. इंग्रजांनी १९०२ मध्ये बर्टन-अपॉन-ट्रेंट या बिअरच्या गावी त्याचा कारखाना काढला आणि नाव दिलं फ्रेंच पातेल्याचं. म्हणजे मी जर्मन मुलीला जर्मन शोध समजावत होतो, आणि तोही चुकीच्या विभक्तीत.

पिठाची तऱ्हा वेगळीच. इंग्लंडमध्ये बेकिंग पावडर आधीच मिसळलेलं 'सेल्फ-रेझिंग' पीठ मिळतं. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स नावाच्या बेकरीवाल्याने ते १८४५ मध्ये काढलं, आणि तेव्हापासून माझ्यासारख्यांचं झाकलं जातं. इथे पिठाच्या पुड्यांवर नुसते आकडे होते: ४०५, ५५०, १०५०. मी सांगलीत बांधकाम पाहिलेला माणूस. सिमेंट ४३ ग्रेडपेक्षा ५३ ग्रेडचं पक्कं, हे मला ठाऊक होतं. १०५० उचललं. तो आकडा पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेचा असतो, जितका मोठा तितका कोंडा जास्त, आणि नाजूक कामाला ४०५ घ्यायचं असतं, हे मला स्कोन भट्टीतून निघाल्यावर कळलं. सिमेंटचा अंदाज मात्र अगदीच चुकला नव्हता.

दरम्यान लेस्टरच्या मित्राने पार्सल पाठवलं होतं. ते घरी न येता कस्टममधून पत्र आलं: स्वतः या. गेलो. अधिकाऱ्याने माझ्याच हाती सुरी देऊन खोकं उघडायला लावलं. पहिला निघाला गोल्डन सिरपचा हिरवा-सोनेरी डबा. त्याने चष्मा वर करून डब्यावरचं चित्र पाहिलं.

"हा सिंह झोपलाय?"

"नाही. मेलाय."

"आणि या माश्या?"

"मधमाश्या आहेत."

"म्हणजे आत मध आहे."

"नाही. साखरेचा पाक."

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चहाचा खोका आणि एचपी सॉसची बाटली बिनबोभाट सुटली, आणि हाती लागली मिन्समीटची बरणी.

"मांस?"

"छे! सफरचंद, मनुका, मसाले. नाव तेवढं मांसाचं."

"का?"

याचं उत्तर इंग्रजांनी मलाही कधी दिलं नव्हतं. १ जानेवारी २०२१ पासून, म्हणजे ब्रेक्झिट पुरतं अमलात आल्यावर, ब्रिटनमधून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ असे मागवता येत नाहीत. त्यामुळे त्याने बरणी फिरवून बारीक अक्षरं वाचायला घेतली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. 'बीफ सुएट.' गाईच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी.

माझ्या पोटात खड्डा पडला. जुनी रीत चरबीचीच, शाकाहारी बरणी पाहून घ्यावी लागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. लेस्टरच्या ऑफिसात दर नाताळात हे मिन्समीट भरलेले चार मिन्स पाय तरी व्हायचेच. ११ नाताळ. ४४ मिन्स पाय. आणि त्याच संध्याकाळी आईला फोनवर: "नाही गं, इथे केकसुद्धा विचारून खातो."

"बरणी ठेवून घ्या," मी म्हणालो. इतक्या उदारपणे म्हणालो की त्याला संशय आला आणि त्याने खोकं पुन्हा तपासलं.

अखेर तो रविवार उजाडला. चहा मी अभिमानाने पिशव्यांचा केला. चौघांपैकी एक पाहुणी ऑस्टफ्रीसलांडची निघाली. जर्मनीच्या वायव्य टोकाच्या त्या मुलखात माणशी वर्षाला सुमारे ३०० लिटर चहा पितात. खडीसाखरेवर चहा ओततात, कडेने साय सोडतात आणि ढवळत नाहीत. तीन कपांच्या आत उठणं शिष्टाचारात बसत नाही. तिने कपातली पिशवी चमच्याने उचलली, जणू मेलेला उंदीर, आणि बशीत ठेवली. पहिल्या कपानंतर ती उठली नाही, पण दुसरा मागितलाही नाही. स्कोनवर एकाने सुरी चालवली, तेव्हा शेजारच्यांचा कुत्रा भुंकला.

बायकोने माझा अंदाज आधीच घेतलेला होता. ती आतून बटाटेवड्यांचं ताट घेऊन आली. चटणी संपली तशी तिने टेबलावरची एचपी सॉसची बाटली पुढे केली. पाहुणे वड्यांवर तुटून पडले. "हीच ती इंग्लिश चव!" एकजण म्हणाला.

ते गेल्यावर तिने बाटली उलटी करून मला वाचून दाखवली. पुढे ब्रिटिश पार्लमेंटचं चित्र आणि मागे घटकांत खजूर आणि चिंच. म्हणजे भेळेवरची आंबटगोड चटणी, टाय बांधलेली. आणि तीही २००७ पासून नेदरलँड्समध्ये तयार होते. आमच्या शेजारच्या देशातून निघून लेस्टरला जाऊन, कस्टमच्या टेबलावर चौकशी भोगून ती माझ्याकडे आली होती.

पुढच्या शनिवारी कढीपत्ता आणायला बायकोबरोबर तिच्या नेहमीच्या श्रीलंकन तमिळ दुकानात गेलो. पापडांच्या वरच्या फळीवर डायजेस्टिव्ह, कस्टर्ड पावडर, गोल्डन सिरप, एचपी सॉस आणि मार्माइट ओळीने बसले होते. "माल लंडनच्या ठोक व्यापाऱ्याकडून येतो," मालक म्हणाला. "मसाल्यांबरोबर."

"तू हे आधी पाहिलं नव्हतंस?" मी बायकोला विचारलं.

"दर शनिवारी पाहते. तू कढीपत्ता आणायला कधी आलायस?"

तेव्हा परदेशात कोणाला साहेबाच्या फराळाची तल्लफ आलीच, तर मोठ्या सुपरमार्केटात मुलींना छळू नका. जिथे कढीपत्ता मिळतो ते दुकान गाठा. पीठ ४०५ घ्या. आणि मिन्समीटच्या बरणीमागची बारीक अक्षरं पहिल्याच नाताळाला वाचा. आमच्या आईला मात्र यातलं काही सांगू नका.