घर तेच हवं

गेल्या महिन्यात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना घेऊन गावात गेलो होतो. साडेदहाला बस पारापाशी थांबली, बाराला परत निघायचं होतं. दीड तासात प्रत्येकाला तीन घरं. माणसं किती, पाणी कुठलं, चूल की गॅस, एवढं तक्त्यात भरलं की लॉगबुकात सही.

एका ओसरीवर एक मुलगी उभ्या उभ्याच आजींच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत होती. आकडा एकशे सत्तरच्या वर. "गोळ्या घेता का आजी?" "घेते की." तक्त्यात 'हो'वर खूण झाली आणि ती निघाली. मी म्हटलं, गोळ्यांची पट्टी बघू या. आजींनी फडताळातल्या डब्यातून पट्टी आणली. गोळी एक दिवसाआड. "रोज घेतली तर लवकर संपते. मग आणायला कोन जाईल?" उपकेंद्र तीन किलोमीटरवर, सून मजुरीला, गुडघे धरलेले. मुलगी परत फिरली आणि आजींजवळ खाली बसली. त्या तक्त्यात हे लिहायला रकानाच नव्हता.

2019 च्या नव्या अभ्यासक्रमानं मुलांना पहिल्या वर्षापासून रुग्णाजवळ न्यायचं ठरवलं. पुढं कुटुंब दत्तक कार्यक्रम आला: किमान तीन, जमल्यास पाच कुटुंबं, आणि शिक्षण संपेपर्यंत तीच. मला हा निर्णय मनापासून पटतो. सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांनी 1969 मध्ये मेडिकल कॉलेज सुरू केलं. तिथं प्रत्येक तुकडी एक गाव घेते, सुरुवातीलाच गावात शिबिराला राहते आणि नेमून दिलेल्या घरी पुन्हा पुन्हा जाते. कार्यक्रमाचा जीव या 'पुन्हा पुन्हा'त आहे. पहिल्या भेटीत माणूस "घेते की" म्हणतो. डबा उघडायला ओळख लागते.

आणि नेमकी ती ओळखच आपण तोडतो. बसच्या सोयीनं गल्ल्या बदलायच्या, नवी तुकडी जुन्याच घरी धाडायची, पाहणीच्या वेळी भरलेले तक्ते पुढं करायचे. आजींच्याच गल्लीतल्या एका बाईंनी मुलांना दारातूनच परत पाठवलं. मागच्या साली सगळं सांगितलं होतं, म्हणाल्या, शुगर तपासून नेली, किती निघाली ते सांगायला कोणी आलं नाही. त्यांचं काय चुकलं? दत्तक घेतलेल्या घराला आपल्या रक्ताचा आकडाही कळू नये, याची मला लाज वाटते.

परतताना ती मुलगी म्हणाली, "सर, पुढच्या वेळी मला हेच घर द्याल ना? आशाताईंशी बोललेय, त्या गोळ्या घरी पोचवते म्हणाल्यात. घेतात का ते बघायचंय."

काल पुढच्या भेटीची यादी लागली. तिच्या नावापुढं दुसरी गल्ली आहे. यादी घेऊन आज विभागप्रमुखांकडे चाललोय. गल्ली बदलून घेतल्याशिवाय उठणार नाही.