घर पाहावे मोजून, लग्न पाहावे मापून

घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून ही म्हण रुजली त्या काळात या दोन स्वतंत्र परीक्षा होत्या आणि दोन पेपरांच्या मध्ये दहा-पंधरा वर्षांची सुट्टी मिळत असे. डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार या केंद्रांवर आता दोन्ही पेपर एकाच दिवशी असतात. सकाळी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अंगठे द्यायचे, दुपारी शालू फॉल-बिडिंगला टाकायचा आणि संध्याकाळी गॅस कनेक्शनचा अर्ज भरून केटररकडची बासुंदी चाखायला जायचे. अशा उमेदवारांना मिळणारे मार्गदर्शन अर्धवट असते. ज्योतिषी मुहूर्त सांगतो, पण फ्लॅटचा ताबा कधी मिळेल ते सांगत नाही. बिल्डर ताब्याची तारीख सांगतो, पण तिच्या भरवशावर पत्रिका छापता येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत मार्गदर्शन आहे. त्यात सूत्र एकच: उपनगरातले लग्न चौरस फुटांत मोजावे. जी वस्तू, जी हौस, जो मानपान नव्या घराच्या चटईक्षेत्रात मावत नाही, तो यादीतून खोडावा. पुढचे सारे विवेचन म्हणजे या सूत्रावरचे भाष्य.

पहिला प्रश्न क्रमाचा. म्हणीत घर आधी येते, आणि म्हणी काही उगाच पडत नाहीत. काही कुटुंबांत ती उलट्या क्रमाने म्हणतात हे खरे. पण त्या कुटुंबांचा बहुधा गावी वाडा असतो. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी रायबाचे लग्न बाजूला ठेवून आधी कोंढाणा घेतला, हे महाराष्ट्रातले शाळकरी पोरही सांगते. उपनगरात कोंढाण्याला ‘पझेशन’ म्हणतात. हिशेबाची वहीही तोच क्रम लावते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. उरलेले दहा-वीस टक्के म्हणजे नेमके तेच पैसे, जे ‘लग्नासाठी’ म्हणून मुदत ठेवीत पडलेले असतात. घर आणि लग्न दोन्ही एकाच डब्यातून जेवणार असतील, तर ज्याची भूक वीस वर्षे चालणार आहे त्याला आधी वाढावे. शिवाय घराला कायद्याचा आधार आहे. रेरामुळे नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि ताबा लांबला तर व्याज मागता येते. लग्नाच्या हॉलला रेरा नाही. तिथे चटईक्षेत्राच्या जागी ‘हजार माणूस आरामात बसतं’ एवढेच मोजमाप असते आणि ते माणूस कुणी बसवून पाहिलेले नसते. आणखी एक बाब वधूपक्षाने ध्यानात ठेवावी. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतले, तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. ५० लाखांच्या घरावर तिचे ५० हजार होतात. सरकारने दिलेला हा एकमेव आहेर, आणि तो पोटमाळ्यावर ठेवावा लागत नाही.

दुसरा प्रश्न तिथीचा. भिंतीवर तीन पंचांगे टांगावीत: नेहमीचे, बिल्डरचे आणि रेल्वेचे. पहिले चातुर्मासात लग्न नको म्हणते. दुसरे ‘गणपतीपर्यंत देतो’ म्हणते, मात्र कोणत्या सालचे गणपती ते गुलदस्त्यात ठेवते. तिसरे सर्वांत उग्र, कारण त्याची शांत करता येत नाही. पाहुण्यांच्या सोयीसाठी लग्न रविवारी दुपारी लावतात, आणि रेल्वेचा मेगाब्लॉक रविवारी अकराच्या सुमारास सुरू होऊन चारच्या आसपास संपतो. पत्रिका दोन महिने आधी वाटतात, ब्लॉक मात्र दोन दिवस आधी कळतो. तेव्हा गुरुबळ असूनही मुलीचे मामा मुलुंडला अडकतात. यावरचा उतारा शास्त्रातच आहे: आडदिवसाचा गोरज मुहूर्त. गाई रानातून परततात आणि त्यांच्या खुरांची धूळ उडते, ती ही वेळ. उपनगरात गाई फारशा उरल्या नसल्या तरी सायंकाळी परतणारा कळप त्याच वेळी स्टेशनबाहेर पडतो. पाहुणे आणावे लागत नाहीत, ते येतच असतात. हॉल तेवढा पुलाजवळ घ्यावा. आडदिवशी भाडेही उतरते. लग्नाला असे मिनिटांना जुंपणे कुणाला अरसिकपणाचे वाटले, तर त्याने आठवावे की मुहूर्त म्हणजे दोन घटिका, अर्थात ४८ मिनिटे, आणि त्या मोजायला पूर्वी लग्नघरी बुडाला भोक असलेले घटिकापात्र पाण्यावर तरंगत ठेवत. घड्याळाकडे पाहत अक्षता टाकण्याची रीत लोकलपेक्षा जुनी आहे.

तिसरा प्रश्न वस्तूंचा, आणि इथे सूत्राची खरी कसोटी लागते. रुखवताकडे कौतुकाने पाहण्याआधी मोजपट्टी लावावी. लोकरीचे तोरण चालेल. दार एकच असल्याने एकच चालेल. मण्यांची महिरप गणपतीपुरती, म्हणजे वर्षातून दीड दिवस बाहेर येईल आणि बाकीचे दिवस पलंगाखाली राहील. सुपारीचे भटजी उत्तम, कारण ते टीव्हीपुढे उभे राहू शकतात. आंदणात कपाट द्यायचे असेल, तर आधी जिन्याचे वळण पाहावे. तळ अधिक चार मजल्यांच्या जुन्या इमारतीत लिफ्ट नसते, आणि दुसऱ्या मजल्यावर अडकलेले कपाट हे माहेरच्या मायेचे लक्षण आहे की सोसायटीच्या नोटिशीचे कारण, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. आहेराबाबत परंपरेचे शहाणपण मान्य करायला हवे. लेमन सेट हा मुळात वापरायचा नसतोच. तो पुढे द्यायचा असतो. वेष्टन न फोडता तो एका पोटमाळ्यावरून दुसऱ्यावर जातो, ब्लाऊजपीस त्याच्या मागोमाग प्रवास करतात, आणि एकाच सेटचा भार अनेक घरे पाळीपाळीने वाहतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कितीतरी आधी समाजाने सहकारी साठवण शोधली होती, ती अशी. नव्या जोडप्याने एवढेच करावे: कुणी काय दिले याची वही नीट ठेवावी, म्हणजे सेट मूळ मालकाकडे परत जाणार नाही.

चौथा प्रश्न विधींचा. विधींना जागा लागते या समजुतीवर हॉलवाल्यांचे संसार उभे आहेत. प्रत्यक्षात १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम सांगते की, ज्या रीतीत सप्तपदी आहे तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो. कायद्याला सात पावले पुरतात; लॉन, झुंबर आणि धुराचे यंत्र त्याने मागितलेले नाही. वन बीएचकेमध्ये मुख्य दारातून निघालेले सातवे पाऊल ओट्यापाशी पडते, म्हणजे संसार जिथे सुरू व्हायचा तिथेच. माप ओलांडताना मात्र बेताने लवंडावे, कारण समोरच्यांचा चपलांचा स्टँड तीन फुटांवर आहे. हळदीबाबत जास्त सावध राहावे. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात आगरी-कोळ्यांची हळद लग्नाहून मोठी असते आणि त्यांच्या धवल्यांना पिढ्यांची परंपरा आहे. पण त्यांच्याकडे अंगण आहे आणि नवागतांकडे स्टिल्ट पार्किंग. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायला लावतात, आणि सोसायटीचे सचिव पावणेदहाला. वरातीची हौस कुणाला असेल, तर तीही रेल्वेने भागवलेली आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हा तीन इंजिने, १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित आणि २१ तोफांची सलामी असा थाट होता. उपनगराकडे निघालेली ती पहिली वरात. त्यानंतर त्या मार्गावरची गर्दी वाढली, थाट मात्र राहिला नाही.

आता आक्षेप. किरकोळ आक्षेप ‘लोक काय म्हणतील’ हा. त्याला उत्तर असे की लोकांना शेवटची गाडी पकडायची असते, त्यामुळे ते फार वेळ म्हणत नाहीत. बळकट आक्षेप वेगळा आहे. घर लहान आहे म्हणूनच लग्न मोठे हवे, असे पुष्कळ समजूतदार माणसे म्हणतात. वर्षभर चारशे चौरस फुटांत अंग चोरून वावरायचे, मग एक दिवस तरी पाच हजार चौरस फुटांत हात पसरून उभे राहू नये काय? शिवाय एक भाऊ विरारला, दुसरा पनवेलला आणि बहीण टिटवाळ्याला असे विखुरलेले गोत लग्नाखेरीज एकत्र येणार कधी? या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धे. हॉलमधल्या त्या दिवसाची वाटणी पाहावी: स्टेजवर जाण्यासाठी रांग, फोटोपुरती जवळीक, बुफेपाशी पुन्हा रांग. माणसे भेटायला आलेली असतात आणि दोन लोकलच्या मधल्या फलाटावर उभी राहावी तशी उभी राहून जातात. मोठी जागा माणसांना जवळ आणत नाही, ती नुसती सामावून घेते. गोतावळा खरोखर जोडायचा असेल, तर परंपरेने केळवण दिलेले आहे; ते उलटे फिरवावे. लग्नाला मोजकी माणसे बोलवावीत आणि बाकीच्यांना नंतर सहा-सहांच्या तुकड्यांनी नव्या घरी जेवायला. सहाच का, तर घरच्या हॉलमध्ये जमिनीवर पंगत तेवढीच बसते. वर्षभर दर महिन्याला एक पंगत घातली, तर ७२ माणसे नीट जेवतात, घर पाहतात आणि वधूचे नावही लक्षात ठेवतात.

सूत्रात एक दुरुस्ती मात्र याच आक्षेपामुळे करावी लागते. घराचे चटईक्षेत्र करारात लिहिले असते त्याहून थोडे अधिक असते, आणि तो वाढीव भाग शेजारी राहतो. साताऱ्याहून आलेले काका रात्री झोपतात ते समोरच्यांच्या हॉलमध्ये; फुलांच्या टोपल्या थंड राहतात त्या शेजारच्या फ्रिजमध्ये; लग्नाच्या गडबडीत किल्ली, दूध आणि कुरिअर सांभाळतात ते मधल्या मजल्यावरचे आजोबा. नव्या वस्तीत घर बसते ते या माणसांमुळे, आणि पत्रिकांच्या यादीत ती सर्वांत शेवटी, ‘सोसायटी, एकत्र एक’ अशी येतात. मानपानाचा क्रम इथे बदलावा. पहिली अक्षत कुलदैवताला, दुसरी समोरच्या दाराला. दूरच्या आत्तेभावाचा रुसवा नंतर काढता येतो, समोरच्यांचा रोज दार उघडताना दिसतो.

हे सारे अव्यवहार्य वाटले, तर कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कोणत्याही संध्याकाळी कल्याण किंवा वसईच्या एखाद्या इमारतीखाली उभे राहून वर पाहावे. ग्रिलच्या आत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली तुळशीचे लग्न लागत असते. मांडवाला ऊस, फराळाला चुरमुरे, आवळे-चिंचा-बोरे, अंतरपाटाला घरातलाच टॉवेल, आणि वरात देव्हाऱ्यापासून गॅलरीपर्यंत चार पावलांची. मंगलाष्टके म्हणायला शेजारी बोलावलेले असतात, कारण चाल त्यांनाच येते. दहा मिनिटांत लग्न लागते, सगळ्यांना प्रसाद पुरतो आणि वधू त्याच घरात, त्याच कुंडीत सुखाने नांदते. तेव्हा पत्रिका छापायला टाकण्यापूर्वी पोटमाळ्याची लांबी-रुंदी मोजून घ्या, आणि ती मोजपट्टी आणायला समोरच्यांची बेल वाजवा.