विषय : चड्डी कोरडी ठेवणेबाबत

घरातील सर्व वडीलधाऱ्यांना कळविण्यात येते की, दीड ते तीन वर्षे वयोगटातील सदस्याला शी-शू योग्य जागी करण्याची सवय लावताना पुढील सूचनांचे काटेकोर पालन व्हावे. ‘आमच्या वेळी नव्हतं हो हे असलं काही’ हे वाक्य प्रत्येक ज्येष्ठाने दिवसातून एकदाच वापरावे.

1. मुहूर्त
पंचांग पाहू नये, आभाळ पाहावे. आषाढ-श्रावणात मोहीम काढणाऱ्यांच्या घरी पंख्याखाली, खुर्च्यांच्या पाठींवर आणि टीव्हीच्या मागे चड्ड्या वाळत असतात. त्या वाळत नाहीतच. त्यामुळे ओलं बाळाने केलं की चड्डी मुळातच दमट होती, हा वाद निकाली निघत नाही. एप्रिल-मे उत्तम. धाकटं भावंड येऊ घातलं असेल किंवा घर बदलायचं असेल, तर थांबावे. नर्सरीच्या फॉर्मवर ‘मूल शौचास जायचे सांगते का?’ अशी चौकट आहे, म्हणून आदल्या रविवारी कंबर कसू नये.

2. पात्रता
उमेदवार सलग दोन तास कोरडा राहतो का, चड्डी स्वतः खाली ओढतो का, ओलं झाल्याची तक्रार करतो का, हे तपासावे. सर्वांत भरवशाची खूण म्हणजे पडदा. खेळता खेळता मूल अचानक बाल्कनीच्या पडद्यामागे जाते. मुठीत पडद्याची कड, गुडघे किंचित वाकलेले, चेहरा लालबुंद, नजर समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर. ‘काय करतोस रे?’ विचारल्यास ‘तू जा’ असे उत्तर येते. एकांताची गरज ज्याला समजली, तो पात्र.

3. पद्धत
घरात किमान तीन पद्धती एकाच वेळी सुरू असतात. आजी तिसऱ्या महिन्यापासूनच बाळाला पावलांवर बसवून ‘शूऽऽ’ करत आलेली असते. दूध पाजल्यावर थोड्या वेळाने बसवायचे, हा तिचा नियम. पोटात अन्न पडले की आतडी पुढचा माल हलवतात, हे वैद्यकशास्त्रही मान्य करते. त्यामुळे या मुद्द्यावर आजीशी वाद घालू नये. इतर मुद्द्यांवरही घालू नये, पण त्याची कारणे वेगळी आहेत.

आई अमेरिकी बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांच्या पक्षात असते. मूल तयार होईपर्यंत घाई नको, असे त्यांनी 1962 मध्ये मांडले. बाबा अझरिन आणि फॉक्स यांच्या 1974 च्या पुस्तकाकडे झुकतात, कारण सगळे एका दिवसाच्या आत उरकेल, असे त्याचे नावच सांगते. त्यात मुलाला भरपूर पेयं पाजायची आणि शू करणारी बाहुली दाखवून शिकवायचे असते. बाबांनी फक्त नाव वाचलेले असते. बाहुली आणि फडके घेऊन दिवसभर बसायचे कोणी, हे कळताच तेही ब्रेझल्टनपंथी होतात.

4. साहित्य
गाणे वाजवणारी पॉटी आणल्यास तिचा वापर टोपी, गाडीतळ आणि मोत्या कुत्र्याचे भांडे असा होतो. मोठ्यांच्या कमोडवर बसवायचे असेल तर छोटी सीट लावावी आणि पायाखाली देवघरातला नव्हे, दुसरा पाट द्यावा. लोंबकळत्या पायांनी जोर लावता येत नाही. शिवाय आत पडण्याची भीती असते ती वेगळीच.

5. चौकशी
‘शू आली का?’ असे दर दहा मिनिटांनी विचारू नये. उत्तर ‘नाही’ असेच येते आणि ते देताना शू होत असते. त्याऐवजी ‘चल, शू करून खाली जाऊ’ म्हणावे. यश आल्यास टाळ्या वाजवाव्यात. गावच्या नातेवाइकांना व्हिडिओ कॉल लावू नये.

6. दुर्घटना
पंचनामा, साक्षी-पुरावे, आणि शेजारच्या पिंकीचा दाखला हे तिन्ही वर्ज्य. ओरडा खाल्लेले मूल शी रोखून धरते, रोखलेली शी घट्ट होते, घट्ट शी दुखते, आणि दुखते म्हणून मूल आणखी रोखते. अशा वेळी पाणी, पपई, भिजवलेल्या काळ्या मनुका आणि मोठ्यांचे मौन उपयोगी पडते. तरीही दुखणे थांबले नाही, तर डॉक्टरांकडे जावे.

7. रात्रपाळी
दिवसाची परीक्षा पास झाली, म्हणून मेणकापड माळ्यावर टाकू नये. रात्री लघवी कमी तयार करणारे संप्रेरक आणि भरल्या मूत्राशयाने जाग येणे, दोन्ही आपापल्या वेळी जमतात. पाच वर्षांची सुमारे 15 टक्के मुलं अंथरूण ओलं करतात. यात शिकवणीचा उपयोग नाही.

8. अधिकारकक्षा
जेवण भरवता येते, अंघोळ घालता येते, झोप थापटून आणता येते. या एकाच खात्यात मात्र मोठ्यांची सही चालत नाही; स्नायू उमेदवाराचा, निर्णयही त्याचाच. मोठ्यांनी पाट सरकवावा, पाणी ओतावे आणि वाट पाहावी.

प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर उमेदवार पर्यवेक्षकपदी बढती घेतो. बाबा आत गेले की दार ठोठावून ‘झाली का?’ विचारतो, आणि फ्लशचा आवाज येताच टाळ्या वाजवतो. बाबांनी आतून ‘थँक्यू’ म्हणावे.