घडी मोडली

आमच्या सोसायटीत माझ्या गाडीला ‘माहेरवाशीण’ म्हणतात, हे मला परवा कळलं. मला वाटलं, कौतुक आहे. माहेरवाशिणीला कोणी काम सांगत नाही, हा त्यातला खोचकपणा बायकोला उलगडून सांगावा लागला.

तरी निगराणीच्या बाबतीत मी कोणाला हार जाणार नाही. गाडी २०१८ची, आणि पहिल्या दिवसापासून तिची स्वतंत्र वही आहे. त्यात बाराही महिने आखलेले आहेत. मार्चमध्ये कूलंट आणि एसीचा फिल्टर, मे महिन्यात वायपरची रबरं, मृगाआधी अंडरबॉडी कोटिंग, दसऱ्याला पॉलिश आणि झेंडू. दर रविवारी टायरची हवा. ती टायर थंड असतानाच मोजायची असते. पंपावर जाईपर्यंत टायर तापणार, म्हणून मी घरीच पायपंप आणला आहे. दुसऱ्या मजल्यावरची मुलं गॅलरीतून माझे दणके मोजतात.

इंजिन ऑइल १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाने, यातलं जे आधी येईल तेव्हा बदलायचं. आमच्याकडे कायम वर्षच आधी आलं. एकदा सर्व्हिसिंगच्या मुलाने काढलेलं तेल उजेडात धरलं आणि म्हणाला, “काका, हे तर नवंच दिसतंय!” ते मी प्रशस्तिपत्रक म्हणून वहीत उतरवून ठेवलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी बदलावं, हे मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगितलेलं आहे. शेजारचे गृहस्थ मठ्ठा आणायला म्हणून उठले ते परत आले नाहीत.

हा जपून ठेवण्याचा गुण माझा एकट्याचा नाही, घराण्याचा आहे. आमच्या शोकेसमध्ये सोनेरी कडांच्या सहा कपांचा सेट आहे. तो चांगल्या पाहुण्यांसाठी. गेल्या तीस वर्षांत आमच्याकडे पुष्कळ पाहुणे आले, पण त्यातले चांगले कोणते हे ठरेपर्यंत ते स्टीलच्या पेल्यातून चहा पिऊन गेले. टीव्ही दोनदा बदलला, पण पहिल्या टीव्हीचा रिमोट अजून त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे. सोफ्याला कव्हर, कव्हर मळू नये म्हणून वर चादर, आणि चादरीवर बसणाऱ्याकडे आमचं लक्ष. या परंपरेचं शिखर म्हणजे आईची पैठणी. मलमलीत गुंडाळलेली, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेली. लग्नात नेसली, माझ्या मुंजीत नेसली, मग “एवढ्याशा कार्याला कशाला?” असं म्हणत पुढची सगळी कार्यं एवढीशी ठरली. बहिणीच्या मुलीच्या लग्नात काढली, तर प्रत्येक घडीवर उभी चीर. “नेसून फाटली असती तर वाईट वाटलं नसतं,” आई म्हणाली. “घडीवरच विरली.”

तर गाडी. जुलैतल्या एका सकाळी किल्ली फिरवली, तर नुसतं ‘टक’. मेकॅनिक आला. बॅटरी पूर्ण उतरलेली. दुसरी बॅटरी जोडून गाडी सुरू झाली, पण जागची हलेना. पावसाळी हवेत हँडब्रेक ओढून महिनाभर उभी, त्यामुळे मागचे ड्रम गंजून ब्रेकशू चिकटले होते. ते सोडवल्यावर चालली ती गचके देत, कारण एकाच जागी उभं राहून टायर खालून चपटे बसले होते. टायरवर शेवटचे चार आकडे २३१८, म्हणजे २०१८च्या तेविसाव्या आठवड्यातला माल. नक्षी नव्यासारखी खोल, आणि कडेला बारीक भेगा.

मी वही पुढे केली. त्याने ती पाहिली, हात पुसले आणि म्हणाला, “साहेब, निगा एक नंबर आहे. फक्त गाडी चालवा की कधीतरी.”

आई गॅलरीत होती. वरून एवढंच म्हणाली, “घडीवर विरली होय रे?”

तिथे मला हसू यायला हवं होतं. आईचं माहेर वाईचं. पावसाळ्यात कृष्णेला पाणी आलं, की ते ढोल्या गणपतीच्या देवळाला कसं लागायचं, ते तिला एकदा पुन्हा बघायचं होतं. गाडी घेतली त्याच वर्षी तिने विचारलं होतं. मी म्हणालो, पावसात खंबाटकी नको, खालून सगळा चिखल उडतो. उन्हाळ्यात तिला पूर दाखवता येत नव्हता. दिवाळीत पॉलिश ताजं होतं. दोन वर्षं झाली, तिने विचारायचं सोडलं होतं, आणि मी तो विषय मिटला असं धरून चाललो होतो. ती आता एक्क्याऐंशीची आहे. तिच्या गुडघ्यांची वही कोणी ठेवलेली नाही.

नवे टायर बसवले आणि त्याच आठवड्यात निघालो. सुरूर फाट्याला एका ट्रकने काचेवर आख्खं डबकं फेकलं. आई खुदकन हसली. घाटावर पाणी चांगलंच चढलेलं. रास्त्यांनी अठराव्या शतकात हे देऊळ बांधलं, तेव्हा पूर येणार हे धरूनच बांधलं. पाणी दुभंगून बाजूने जावं म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती केली. आईने ते मला दहा मिनिटं समजावून सांगितलं, मी ब्रेक ऑइल सांगतो त्याच सुरात. मी मठ्ठा आणायला उठलो नाही.

परतताना ती दार उघडून बाहेरच उभी राहिली. चपला चिखलाने भरलेल्या. “अरे, पेपर अंथरतोस ना?”

“बस तशीच.”

ती बसली. मॅटवर दोन काळे ठसे उमटले. ते बघत म्हणाली, “चला, मोडली एकदाची घडी.”

रात्री वहीत लिहिलं: १८२ किलोमीटर. शेरा: चिखल, आतबाहेर.

सकाळी तळमजल्यावरचे काका वॉचमनला दरडावत होते, “ही बाहेरची गाडी कोणी लावू दिली इथे?”

मी गॅलरीतून ओरडलो, “आपलीच आहे!” इतक्या अभिमानाने मी पॉलिशच्या दिवशीही ओरडलो नव्हतो.