ऐच्छिक अंडे

शालेय पोषण आहाराला राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये दिलेले वळण अभिनंदनीयच आहे. अंडा पुलाव, तांदळाची खीर, नाचणीसत्त्व हे पदार्थ ऐच्छिक झाले. अंडी आणि साखर शाळांनी लोकसहभागातून मिळवायची. पौष्टिकता कागदावर तशीच राहिली, सरकारचा खर्च तेवढा गळाला. इतका चरबीमुक्त आहार एकाही आहारतज्ज्ञाला सुचला नव्हता.

गणपतीच्या वर्गणीत मुरलेल्या पुण्याला हे जड नाही. आमची सूचना एवढीच, की पावतीपुस्तक घेऊन मुलांनीच सदाशिव पेठेतले जिने चढावेत. व्यायाम होईल, तोंडी हिशेब पक्का होईल. वेळ मात्र दुपारी एक ते चार सोडून.

भूक ऐच्छिक करण्याचा शासन निर्णय अजून निघालेला नाही.