आधी यादी बघा, मग फॉर्मॅट मारा

जूनमधली सकाळ. मुकुंदवाडीतलं एक छोटं सेवा केंद्र. बाहेर पोरं-पोरी फाइली छातीशी धरून उभी होती. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा, कुणाला रहिवासी, कुणाला नॉन-क्रिमीलेयर. केंद्र चालवणाऱ्या ताईंनी शटर वर केलं, कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि झाडू हातात घेतला. झाडून झालं, उदबत्ती लागली, टपरीवरून चहा आला, तरी पडद्यावर गोल फिरतच होतं. "होऊ द्या जरासं भाऊ, टाइम लागतो त्याला," ताई म्हणाल्या. पहिला अर्ज उघडला तेव्हा घड्याळात नऊ मिनिटं झाली होती.

दुरुस्तीवाल्याने निकाल आधीच दिला होता: फॉर्मॅट मारा, नाहीतर नवं मशीन घ्या. या 'फॉर्मॅट मारा'ची मला मनापासून चीड आहे. फॉर्मॅट मारल्यावर मशीन पळतं हे खरं. पण ते पळतं साचलेलं सगळं गेलं म्हणून, आणि त्यासोबत मराठी टायपिंग, प्रिंटरची सेटिंग, जपून ठेवलेल्या फाइलीही जातात. साचलं कशामुळे ते कुणी सांगत नाही, म्हणून चार महिन्यांत पुन्हा तेच.

म्हणून मी आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडला. त्यातला स्टार्टअपचा भाग विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून तिथेच आहे. मशीन सुरू होताच कोण कोण आपणहून उठतं, त्याची ती हजेरी.

ताईंच्या हजेरीत एकवीस नावं निघाली. कधीच विकून टाकलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर रोज हजर. लॉकडाऊनमध्ये पोराच्या शाळेसाठी घातलेलं व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप हजर. गाण्यांचं अ‍ॅपही. नावापुढे 'हाय इम्पॅक्ट' असेल, तर त्या प्रोग्रॅमने सुरुवातीलाच प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त लिहा-वाच केली, असं समजायचं. एक सेकंद किरकोळ वाटतो. पण या मशीनमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, आणि तिच्यात वाचणारा हात एकच. एकवीस जणांनी एकदम मागणी केली की तो हात नुसता इकडून तिकडे धावतो; वाचण्यापेक्षा धावण्यातच वेळ जातो. मुकुंदवाडी चौकात चारही बाजूंनी गाड्या एकदम घुसल्या की जालना रोडचं काय होतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

आणि मग एका नावाशी मी अडलो. लांबून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर. कधीतरी कुणीतरी दुरुस्तीसाठी घातलं, काम झाल्यावर काढलं नाही, आणि तेव्हापासून ते रोज आपोआप चालू होत होतं. त्याच मशीनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये गल्लीतल्या लोकांची आधार कार्डं, रेशन कार्डं, पासबुकांची पहिली पानं. ताईंना ते सॉफ्टवेअर आहे हेच माहीत नव्हतं. वेगाची गोष्ट माझ्यासाठी तिथेच मागे पडली. दार रोज सकाळी उघडं राहत होतं आणि घरमालकिणीला पत्ता नव्हता. ते नुसतं बंद केलं नाही, मुळासकट काढून टाकलं. जुन्या कागदांच्या प्रतीही ताईंनी बसून पुसल्या.

बाकीच्यांवर राइट क्लिक करून 'डिसेबल'. त्याने प्रोग्रॅम जात नाही. गरज लागली की उघडता येतो, फक्त न बोलावता उठत नाही. अँटिव्हायरसला हात लावायचा नाही. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर आणि मराठी टायपिंगही तसंच ठेवायचं. ती या दुकानाची भाकरी आहे. एखादं नाव ओळखू आलं नाही तर आधी विचारावं, मग बंद करावं.

दोष ताईंचा नाही. प्रोग्रॅम घालताना बऱ्याचदा कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'मशीनसोबत सुरू करा' असा एक चौकोन असतो, त्यात टिक आधीच मारलेली. समोर गिऱ्हाईक उभं असताना तो कोण वाचतं? तो चौकोन रिकामा ठेवायची जबाबदारी बनवणाऱ्यांची आहे, आणि ते ती पाळत नाहीत. यावर माझं मत बदलणार नाही.

पैसे साठले की ताईंनी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी, असं मी सांगून ठेवलंय. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे फरक मोठा पडतो. पण तोवर थांबायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. बटण दाबलं, ताईंनी झाडू घेतला. झाडू दारापर्यंतही पोहोचला नव्हता, तोवर पडदा तयार होता. "ये गं, दे फाइल," ताई म्हणाल्या, आणि रांगेतली पहिली मुलगी पायरी चढून आत आली.