पेंडिंग आहे

'पेंडिंग' वापरायला इंग्रजी यावं लागत नाही. आमच्याकडे येणारा प्लंबर 'ते वॉशरचं काम पेंडिंग राहिलंय बघा' हे इतक्या हळहळत्या सुरात म्हणतो, की वॉशरच हट्टाला पेटून मागे राहिला असावा असं वाटतं. 'मी काम केलं नाही' म्हटलं की आरोपी समोर उभा असतो. 'काम राहिलं' म्हटलं तरी ते कुणाकडून राहिलं, हा प्रश्न येतोच. 'काम पेंडिंग आहे' म्हटलं की विषय मिटला. अधिक महिना असतो तसं ते असतं. त्याला कोण काय करणार?

चालढकलीसाठी आपल्याकडे शब्द कमी नव्हते. पण 'बघू' म्हटलं की नकाराचा वास येतो, 'उद्या' म्हटलं तर तो मेला दुसऱ्याच दिवशी उजाडतो, आणि 'होऊन जाईल' म्हणणाऱ्याकडून काही होणार नाही हे लहान पोरालाही कळतं. पेंडिंगमध्ये यातलं काहीच नाही. नकार नाही, वायदा नाही, तारीख तर नाहीच नाही. वर आपलं काम कुठल्यातरी वहीत नोंदलं गेलंय, त्याला नंबर पडलाय, असा सुखद भास होतो तो वेगळाच.

या शब्दातली माझी हौशी गती इथवरच होती. पुढचं शिक्षण घरात झालं. आमची सौ. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाली आणि तिनं पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं, "अहो, पेंडिंग एक नसतं. दोन असतात."

सरकारी दप्तरात सहा गठ्ठ्यांची पद्धत असते. पहिल्या गठ्ठ्यात प्रलंबित प्रकरणं, म्हणजे ज्यावर आपणच काहीतरी करायचं आहे ती. दुसऱ्यात प्रतीक्षाधीन, म्हणजे आपण पत्र पाठवलं आहे आणि समोरच्याच्या उत्तराची वाट पाहतो आहोत ती. मग नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद, आणि शेवटी नष्ट करायचे 'ड' वर्गातले. बाहेरच्या माणसाला पहिल्या दोन गठ्ठ्यांत फरक दिसत नाही, कारण त्याचं काम दोन्हीकडे सारखंच अडलेलं असतं. आतल्याला मात्र त्या दोहोंमध्ये स्वर्ग आणि नरकाइतकं अंतर दिसतं. दप्तर तपासणीच्या आदल्या संध्याकाळी एकच पत्र सुटतं, 'त्रुटींची पूर्तता करावी'. जावक क्रमांक पडतो, फाईल पहिल्यातून दुसऱ्यात जाते, आणि जी काल कारकुनाची पेंडिंग होती ती आज अर्जदाराची पेंडिंग होते. काम तसूभर हललेलं नसतं. फक्त झोप उडण्याची पाळी दुसऱ्याची असते. मला विचाराल तर हाच या शब्दाचा खरा उपयोग आहे. पेंडिंग कामाला चिकटत नाही, माणसाला चिकटतं. आणि शहाणा माणूस ते वेळेत दुसऱ्याच्या अंगावर झटकतो.

निवृत्तीनंतर सहाही गठ्ठे आमच्या घरात आले. पहिल्यात गळकी फ्लशची टाकी आणि दिवाळीचा आकाशकंदील, जो शिमग्यालाही खिडकीतच होता. नियतकालिकांत वीजबिल, गॅस आणि दर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला. (आपण जिवंत आहोत हे कळवायचं काम पेंडिंग ठेवणारा पेन्शनर मी अजून पाहिलेला नाही.) स्थायी आदेशांत 'ओला टॉवेल पलंगावर टाकू नये'. 'ड' वर्गात माझ्या साभार परत आलेल्या लेखांची पिशवी. ती मी दर महिन्याला माळ्यावर, म्हणजे अभिलेख कक्षात हलवतो आणि ती परत खाली येते.

फ्लशच्या टाकीच्या बाबतीत मी शिकलेली विद्या वापरून पाहिली. "प्लंबर फोन करतो म्हणालाय," मी म्हणालो, "म्हणजे प्रतीक्षाधीन."

"जावक क्रमांक?" ती म्हणाली.

कायदाही तिच्या बाजूचा आहे. महाराष्ट्रात शासकीय कर्तव्यातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा अधिनियम २००५ सालचा. कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पेंडिंग राहू नये, असं त्यात म्हटलं आहे. तत्काळ असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी, तातडीची असेल तर चार दिवसांत. 'सर्वसाधारणपणे' या शब्दात केवढी मोठी खोली आहे आणि तिच्यात किती फायली मावतात, हे कचेरीची पायरी चढलेल्यांना ठाऊक आहे.

कोर्टात पेंडिंगचा मोठा भाऊ राहतो, तहकूब. हा शब्द मला कायम एखाद्या मोगलाई पदार्थासारखा वाटत आलाय, भरपूर तूप घातलेल्या. दिवाणी दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत, हा नियम २००२ पासून लागू आहे. देशभरातले पेंडिंग खटले पाच कोटींच्या वर आहेत. दोन्ही वाक्यं खरी आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून मी पुढे जातो.

बायकोला स्वतःला सगळ्यात जास्त लागलेलं पेंडिंग मात्र जनगणनेचं. २०११ ची गणना तिनं तालुक्यात कागद सांभाळत काढली. १८८१ पासून दर दहा वर्षांनी देशाची शिरगणती होत आली होती. १९४१ मध्ये जगाला युद्धाची आग लागली होती तरी चुकली नव्हती. २०२१ ची मात्र करोनात अडकली आणि सरकत सरकत तिचा दिवस १ मार्च २०२७ वर गेला. २०११ च्या गणनेनंतर जन्मलेली आमची नात आठवीत पोचली, वाद घालते, आजोबांच्या फोनचा पासवर्ड बदलते. पण शिरगणतीच्या हिशेबात तिला अजून जन्मायचं आहे. "तरीच," बायको म्हणते, "कुणाला जबाबदार नाही कार्टी."

उलट दिशेचा शब्दही आपण रुळवला, प्रीपोन. इंग्रजांना पोस्टपोनवर भागत होतं; आपली कल्पनाशक्ती मोठी. तो आता ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. मुलाची सुट्टी संपत आल्यामुळे प्रीपोन झालेली लग्नं मी पाहिली आहेत. प्रीपोन झालेली रस्तादुरुस्ती कुणी पाहिली असेल तर त्यानं फोटो काढून ठेवावा.

परवा मंडईत मात्र पेंडिंगचं रोखठोक रूप पाहिलं. मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, यूपीआयनं पैसे धाडले. माझ्या खात्यातून गेले, मावशींच्या डबीतून आवाज आला नाही. पडद्यावर पिवळं गोल चक्र आणि खाली 'पेंडिंग'. मी फोन त्यांच्यासमोर धरला. मावशींनी तो वाचला, माझ्या पिशवीत हात घातला आणि मेथी काढून परत पाटीत ठेवली.

"काका, तुमचं पेंडिंग तर माझं बी पेंडिंग."

त्रुटींची पूर्तता नाही, अभिप्राय नाही. मी रिकाम्या पिशवीनिशी घरी आलो आणि बायकोला हकीकत सांगितली.

"प्रकरण दुसऱ्या गठ्ठ्यातलं," मी म्हणालो. "बँकेच्या उत्तराच्या प्रतीक्षेत."

"पैसे बँकेकडे, मेथी मावशींकडे, आणि कणीक माझ्याकडे भिजलेली," ती म्हणाली. "पहिल्या गठ्ठ्यातलं. आणि शेरा 'तत्काळ'. या वेळी सुटे घेऊन जा."